साक्षी आणि पहारेकरी

इंदूरहून निघालेला महामार्ग खंडवा आणि बऱ्हाणपूर मागे टाकून महाराष्ट्राच्या सीमेला येतो, त्या सीमेच्या अलीकडे इच्छापूर हे गाव आहे. लोक त्या रस्त्यालाच इंदूर-इच्छापूर रस्ता म्हणतात. सीमेपलीकडे मुक्ताबाईचे मुक्ताईनगर. इच्छापूरच्या टेकडीवर इच्छादेवीचे स्थान असून निमाड व खानदेश या दोन्ही बाजूंची माणसे तेथे नवस बोलावयास आणि फेडावयास येतात. जिच्या नावातच इच्छा आहे तिच्यापुढे माणूस काय मागत नाही? पाऊस, पोर, नोकरी, केळीला भाव. गेल्या नवरात्रात मी माझी धाकटी बहीण व तिचा मुलगा यांच्यासमवेत तेथे गेलो होतो. पायऱ्यांच्या तळाशी बहीण ओटीचे सामान घेत असता भाच्याने मला एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने पुढे पुष्कळ दिवस मला स्वस्थ बसू दिले नाही. तो येथे मांडण्याचे कारण इतकेच की, आपल्या वाचकांपैकी अनेकजण मांडवीच्या काठचे आहेत आणि हा प्रश्न त्यांच्या दारातला आहे.

भाचा गोव्यात एका कॅसिनोत नोकरीस आहे. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात रात्री दिव्यांनी झगमगणारी जी जहाजे उभी असतात, त्यांपैकी एकावर. प्रथम दोन वर्षे तो टेबलावर पत्ते वाटीत असे. आता तो देखरेखीच्या खोलीत बसतो. समोर भिंतभर पडदे, प्रत्येक टेबलावर छतातून रोखलेले कॅमेरे, आणि त्या पडद्यांकडे पाहत राहणे हे त्याचे काम. तो म्हणाला, ‘‘मामा, मी जुगार खेळत नाही. कोणाला खेळायला लावत नाही. कोणी लबाडी केली तर ती पकडतो. मग देवीपुढे उभं राहताना मला चोरट्यासारखं का वाटतं?’’

मी तत्काळ उत्तर दिले नाही. देता आले नाही, हे म्हणणे अधिक खरे. त्याऐवजी मी त्यालाच त्याच्या कामाविषयी विचारीत राहिलो.

ते काम समजून घेण्यासारखे आहे. जुगाराच्या टेबलावर लबाडी किती परींनी होऊ शकते याची सामान्य माणसाला कल्पना नसते. कोणी नखाने पत्त्याच्या कडेला बारीकशी खूण करतो आणि पुढच्या डावात तो पत्ता पाठीवरून ओळखतो. कोणी हातातला पत्ता बाहीत सारतो. रूलेटचे चाक थांबून चेंडू घरात पडला, की निकाल कळल्यावर जिंकलेल्या आकड्यावर हळूच आणखी एक चिप सरकवणारे हात असतात. ही क्रिया पापणी लवण्याइतक्या वेळात होते. आणि सर्वांत अवघड लबाडी ती, जिच्यात पत्ते वाटणारा स्वतःच सामील असतो. तो पत्ते पिसल्याचा देखावा करतो व एक गठ्ठा जसाच्या तसा ठेवतो, किंवा ओळखीच्या खेळाडूस दोन चिप जास्त देतो. म्हणून पहारा पाहुण्यांवर जितका, तितकाच घरच्या माणसांवर असतो. चिप मोजताना त्या टेबलावर पसराव्या लागतात, नोटा एकेक करून उलगडून ठेवाव्या लागतात. टेबल सोडताना वाटणाऱ्याने दोन्ही हात एकमेकांवर झटकून तळवे वर करून दाखवावयाचे असतात, म्हणजे तळव्यात काही लपलेले नाही हे छतातल्या डोळ्याला दिसते. देखरेखीची खोली टेबलावरच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवीत नाहीत. इंग्रजी बोलणारे या सबंध व्यवस्थेला ‘आकाशातला डोळा’ म्हणतात. ते ऐकून मला नवल वाटले, कारण आकाशातून जुगाराचा निवाडा करणारी वाणी आपल्या पुराणांस ठाऊक आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आपल्या भाच्याचा हुद्दा नवीन आहे असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील धर्मस्थीय अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. त्याने जुगार एकाच ठिकाणी चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, फासे आणि कवड्या सरकारी व निर्दोष पुरवाव्यात, आणि कोणी त्या बदलल्या तर शिक्षा करावी. कपटाने खेळणाऱ्यास पूर्वसाहस दंड आणि जिंकलेल्या द्रव्याची जप्ती. जिंकणाऱ्याकडून अध्यक्षाने शेकडा पाच घ्यावेत, शिवाय फाशांचे, जागेचे व पाण्याचे भाडे. कौटिल्याला भ्रम असा मुळीच नाही. जुगारी बहुधा कपटानेच खेळतात हे तो स्पष्ट सांगतो. त्याचा हेतू चोरून जगणाऱ्यांचा पत्ता लागावा हा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीही चोर ओळखू यावेत म्हणून एका मुख्याच्या नजरेखाली जुगार चालू द्यावा असे म्हणते. याच्या उलट मनू. त्याच्या नवव्या अध्यायात राजाने द्यूत राष्ट्रातून निपटून काढावे असे सांगितले आहे. ती त्याच्या मते उघड चोरीच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही प्रश्न हाच होता की, जुगाराला पहारा द्यावा की त्याला दारच बंद करावे. आणि शास्त्रकारांचेही त्यावर एकमत नव्हते.

आपल्या काळातही ते झालेले नाही. १९७६ साली गोवा, दमण व दीव या प्रदेशासाठी जुगारबंदीचा कायदा झाला; १९९२ साली त्यातच दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना मुभा देण्यात आली, आणि १९९६ साली जहाजांवरच्या टेबलांना. महाराष्ट्राने त्याच १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा संमत केला आणि तो कधीच अंमलात आणला नाही; २०२३ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने तो रद्दच करण्याचे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्याविरुद्ध चमारबागवाला या खटल्यात जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे असा निर्णय दिला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्त, महाभारत, मनू व याज्ञवल्क्य यांचा आधार घेतला आहे. निकालपत्रे वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांनीही तेवढा भाग वाचावा.

आता मूळ प्रश्न. लबाडी म्हणजे काय? वाटते तितके हे सोपे नाही.

१९६२ साली एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने एक पुस्तक प्रसिद्ध करून दाखवून दिले की, ब्लॅकजॅक या खेळात बाहेर पडलेले पत्ते लक्षात ठेवणारा खेळाडू कॅसिनोवर मात करू शकतो. यात हातचलाखी नाही, खूण नाही, साथीदार नाही. केवळ स्मरण आणि हिशेब. तरीही कॅसिनोंनी अशा लोकांना हुडकून बाहेर काढण्यास आरंभ केला. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली अशा एका खेळाडूच्या बाजूने कौल दिला. नेव्हाडात मात्र त्याला दार दाखविले जाते. याचा अर्थ काय झाला? छतातला डोळा केवळ लबाडाला शोधीत नाही, तर जिंकू शकणाऱ्यालाही शोधतो.

दुसरा दाखला याहून बिकट आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका जुन्या कॅसिनोत फिल आयव्ही हा प्रसिद्ध खेळाडू पुन्तो बँको खेळला आणि सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. त्या पत्त्यांच्या पाठीवरील नक्षी दोन्ही कडांना सारखी कापलेली नव्हती. आपल्याला अमुक पत्ता शुभ वाटतो असे सांगून त्याने आपल्या सहकारी स्त्रीकरवी वाटणाऱ्याकडून मोठ्या किमतीचे पत्ते उलट्या बाजूने फिरवून घेतले. पुढे पाठीवरूनच त्याला पत्ता कळू लागला. त्याने पत्त्यांना स्वतः हात लावला नव्हता. कॅसिनोने त्याची रक्कम त्याला परत दिली, पण जिंकलेले पैसे नाकारले, आणि तो न्यायालयात गेला. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही लबाडीच होय असा निर्णय दिला, जरी आपण लबाडी करीत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती हे मान्य करण्यात आले. निर्णय मला बरोबर वाटतो. ज्याच्या हातून काम करवून घेतले त्याला त्याचा अर्थ कळू दिला नाही, तेथे कपट आलेच. पण एक गोष्ट मनात सलते. त्या शुभाशुभाच्या बहाण्याला कॅसिनोने मान का तुकविली? भोळ्या समजुती बाळगणारा श्रीमंत मनुष्य अखेर हरतोच, या खात्रीमुळे. त्याच्या भोळेपणावर जगण्यास ते तयार होते. तो भोळा नव्हता एवढीच त्यांची तक्रार.

आणि कॅसिनोचे स्वतःचे काय? रूलेटच्या चाकाला शून्य धरून सदतीस घरे असतात. एका आकड्यावर लावलेला रुपया जिंकला तर पस्तीस रुपये मिळतात, लावलेला एक परत येतो. म्हणजे एखाद्याने सर्व सदतीस घरांवर एकेक रुपया ठेवला तर सदतीस रुपये घालून तो छत्तीस परत घेईल. प्रत्येक फेरीत शेकडा सुमारे २.७ घराच्या खिशात. हे कपट नाही; चाकावर शून्य सर्वांना दिसते आणि नियम लिहिलेले असतात. मी याला फसवणूक म्हणणार नाही, कारण शब्द सैल वापरले की विचारही सैल होतो. कौटिल्याचा अध्यक्ष जिंकणाऱ्याच्या हातून उघडपणे पाच घेई. येथे ते चाकाच्या गणितात मुरलेले असतात इतका फरक. हरणारा हे जाणतो काय? जाणतोही. यक्षाने युधिष्ठिराला आश्चर्य कोणते म्हणून विचारले, तेव्हा रोज माणसे मरताना पाहूनही प्रत्येकाला आपण राहू असे वाटते, हे त्याने सांगितले. जुगारी चाकावरचे शून्य तितकेच जाणतो.

पायऱ्या चढताना अर्ध्यावर विसाव्याला बसलो तेव्हा भाच्याने खरी गोष्ट सांगितली. एका रात्री मध्यम वयाचा एक गृहस्थ तीन पत्तीच्या टेबलावर बसला होता. तो सलग हरत होता आणि रक्कम वाढवीत होता. अशा खेळाकडे लक्ष ठेवावेच लागते, म्हणून याने कॅमेरा त्याच्यावर रोखला. पडद्यावर त्याची बोटेसुद्धा स्वच्छ दिसत होती. पहाटे कधीतरी त्याने बोटातली अंगठी काढून खिशात घातली, उठून गेला, आणि नंतर पैसे घेऊन परतला. ते पैसे कोठून आले हे विचारणे याचे काम नव्हते. तेही गेले. त्याने डोके टेबलावर टेकले तेव्हा याने टेपवर मागे जाऊन सर्व डाव पुन्हा तपासले. पत्ते स्वच्छ होते, वाटणारा निर्दोष होता, हिशेब चोख होता. त्याने नोंदवहीत लिहिले : गैरप्रकार आढळला नाही. ‘‘मामा, ते खोटं नव्हतं. पण तसं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही.’’

आता ती आकाशवाणी. भागवतात बलराम आणि रुक्मी यांचा द्यूतप्रसंग आहे. बलरामाने मोठा पण जिंकला आणि रुक्मीने तो आपणच जिंकल्याचा कांगावा केला. तेव्हा आकाशातून वाणी झाली की, बलराम धर्माने जिंकला आहे, रुक्मी खोटे बोलतो. छतातल्या डोळ्याने याहून अधिक काय करावे? निवाडा तत्क्षणी झाला आणि तो बिनचूक होता. पण रुक्मीने त्याची पर्वा केली नाही, त्याने बलरामाची टर उडविली, आणि बलरामाने लग्नमंडपातच त्याला ठार केले. आधी दात दाखवून हसलेल्या कलिंगराजाचे दातही पाडले. लबाडी उघडकीस आली. जुगाराने जो द्वेष पेटविला होता तो जसाच्या तसा राहिला.

कौरवसभेकडे पाहा. तेथे पहाऱ्याची उणीव होती काय? भीष्म, द्रोण, विदुर, सगळे डोळे टेबलाकडेच लागलेले होते. आपण मात्र लहानपणापासून शकुनीच्या फाशांना दोष देत आलो. मी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहिला, तो वाचकांनीही विचारावा : शकुनीचे फासे अगदी निर्दोष असते तर? एखाद्या द्यूताध्यक्षाने ते तपासून दिले असते, आणि युधिष्ठिर नुसत्या दैवगतीने हरला असता, तर द्रौपदीला पणाला लावणे धर्म्य ठरले असते काय? द्रौपदीने सभेला जो प्रश्न विचारला तो फाशांविषयी नव्हता. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठला, असा तो होता. म्हणजे काय पणाला लावता येते आणि काय येत नाही, हा खरा वाद. त्याचे उत्तर फासे तपासणाऱ्याकडे नसते.

ऋग्वेदातील तो जुगारीही (दहावे मंडल, चौतिसावे सूक्त) फाशांनाच फसवे म्हणतो, पण कोणी प्रतिस्पर्ध्याने फासे बदलले अशी तक्रार करीत नाही. त्याचे दुःख सासूचे, दुरावलेल्या पत्नीचे आणि ऋणाचे आहे. शेवटी त्याला सांगितले जाते ते हे की, फासे सोड, शेत कर.

येथे माझा भाचा हसला. आमच्या या पट्ट्यात केळीचे पीक. एका वादळात उभी बाग आडवी होते आणि त्यावर काढलेले कर्ज तसेच उभे राहते. ‘‘मामा, शेती हा जुगार नाही तर काय?’’ आक्षेप खोटा नाही, आणि तो शेतकऱ्याच्या घरातून आलेला आहे. तरी फरक आहे. वादळ शेकडा २.७ घेण्यासाठी बागेत बसलेले नसते. शेतकरी बुडाला म्हणून दुसऱ्या कोणाचे वेतन निघत नाही, आणि पीक आले तर ते कोणी तरी खातो. एकाने गमावल्याशिवाय दुसऱ्याला मिळूच नये अशी ज्या व्यवहाराची रचना आहे, त्याची आणि शेतीची जोखीम एकाच मापाने मोजता येत नाही.

आता ‘साक्षी’ या शब्दाकडे वळतो, कारण भाच्याच्या मनातली सल तेथे आहे असे मला वाटते. आपण देवाला कर्मसाक्षी म्हणतो, सूर्याला म्हणतो. साक्षीचे लक्षण असे की, त्याचा पणात वाटा नसतो. तो सर्व पाहतो. जिंकणाऱ्याचे पाहतो, हरणाऱ्याचेही, आणि पाहण्याबद्दल काही घेत नाही. पहारेकरी घराचा नोकर असतो. त्याला जे पाहावयास सांगितले तेवढे तो पाहतो. बाकीचे त्याच्या डोळ्यांसमोर घडले तरी नोंदीत येत नाही. अंगठी पडद्यावर दिसली, नोंदवहीत नाही. भाच्याने पहारेकऱ्याच्या जागी बसून साक्षीच्या डोळ्यांनी पाहिले. त्याला चोरट्यासारखे वाटते ते त्याच्या हातून काही चोरी झाली म्हणून नव्हे, असे मी त्याला सांगितले. ते खरे आहे असे मला आजही वाटते. पण त्याचे समाधान झाले नाही, आणि व्हावयास नको होते.

कारण पुढचा प्रश्न आपल्या सर्वांवर येतो. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवा सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद केला. ही बंदी स्तुत्य म्हणून वाखाणली जाते. मला ती लाजिरवाणी वाटते. जे आपल्या मुलांना घातक म्हणून आपण दाराआड ठेवतो, तेच पाहुण्यांना वाढतो आणि त्यावर शुल्क आणि कर घेतो. अतिथीविषयी आपण जे काही बोलत आलो, त्याच्याशी हे कसे जुळवावयाचे? ज्याने अंगठी काढली तो नागपूरचा असेल, इंदुरचा असेल, आमच्या बऱ्हाणपूरचाही असेल.

देवळांच्या मंडळींनीही यावर फार मान उंचावू नये. गोव्यातील काही जत्रांत दशावतार रंगत असता मंडपाबाहेर गडगड्याचे डाव मांडलेले असतात, हे कोणाला ठाऊक नाही? तेथे तर पहारेकरीही नाही. फासे कसे आहेत ते मांडणाराच जाणे. बलिप्रतिपदेला शास्त्राने द्यूताची मुभा दिली आहे हे खरे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरली आहेत, आणि मला ती शिल्पे फार प्रिय आहेत. पण त्या पटावर तिसरा कोणी बसून शेकडा घेत नाही. जत्रेच्या नावाने मांडलेल्या पटाला त्या खेळाचा आधार देणे म्हणजे देवाच्या विनोदाची पावती फाडून पैसे गोळा करणे होय. ज्या देवस्थान समित्यांच्या आवारात हे चालते, त्यांनी वार्षिक सभेत निदान त्याची नोंद करावी. ‘गैरप्रकार आढळला नाही’ असे लिहू नये.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा रांग लांब होती. भाच्याने विचारले, ‘‘मग नोकरी सोडू?’’ बहीण ऐकत होती. केळीच्या बागेवरचे कर्ज त्या पगारातून फिटत आहे हे मला ठाऊक होते आणि तिलाही. मी सोड म्हणालो नाही, राहा असेही म्हणालो नाही. एवढे म्हणालो की, त्या गृहस्थासारखा कोणी पुन्हा दिसला तर टेबलावरच्या अधिकाऱ्याला निदान कळव. नियमात नसले तरी कळव. तो म्हणाला, ‘‘कळवलं होतं. ते म्हणाले, पाहुणा प्रौढ आहे.’’

मग आमची पाळी आली. त्याने ओटी ठेवली, नमस्कार केला, आणि वळताना सवयीने दोन्ही हात झटकून तळवे वर करून दाखविले. बहिणीने त्याला विचारले, हे काय रे? तो ओशाळला. त्याच रात्री भुसावळहून गाडी धरून तो परत गेला.